वाजवलेलं वाजवल्यासारखं राहू द्या: रेकॉर्ड केलेली मिडी हाताने कशी दुरुस्त करावी

माझी मावशी भजनी मंडळात पेटी वाजवते. आषाढीच्या आधी तिने आमच्या घरी ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर एक अभंग वाजवला. हेडफोनमध्ये केरव्याचा ठेका, लय ८४ (मिनिटाला ८४ बीट), पट्टी काळी एक, म्हणजे षड्ज काळी एकवर. तिचं वाजवून झालं आणि फाइल माझ्याकडे उरली. ऐकल्यावर लक्षात आलं की तीन-चार ठिकाणी भलताच स्वर टचकन वाजून जातोय, अंतऱ्यात एक स्वर सुटतच नाही आणि दोन ओळी ठेक्याच्या मागे रेंगाळतायत. मी सगळे स्वर निवडले, क्वांटाइझ (स्वर ठेक्याच्या रेषांवर आपोआप ओढणं) शंभर टक्के केलं आणि पुन्हा ऐकलं. ठेका अचूक होता, पण पेटी मावशीची राहिली नव्हती. तिचे सगळे कण, म्हणजे मुख्य स्वराआधी निसटते लागणारे स्वर, सपाट झाले होते.

मग सगळं पूर्ववत करून एकेक गोष्ट वेगळी हाताळली. तोच क्रम इथे सविस्तर देतोय. मी रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतो, म्हणून मेनूंची नावं त्यातली आहेत. क्यूबेस, लॉजिक, एबल्टन लाइव्ह किंवा एफएल स्टुडिओ वापरत असाल तरी कामं हीच असतात, फक्त बटणं वेगळ्या जागी सापडतात.

## मिडीत नेमकं काय साठतं

मिडीत आवाज नसतो, हाताच्या हालचालींची नोंद असते. हे प्रमाण १९८३ साली आलं. रोलंडचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी त्यासाठी पुढाकार घेतला आणि त्या वर्षी जानेवारीत नॅमच्या (वाद्यव्यापाऱ्यांच्या संघटनेच्या) प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरने जोडून दाखवण्यात आले. त्या वेळी ठरलेले आकडे आजही तसेच आहेत, त्यामुळे ते एकदा समजून घेतले की कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये अडत नाही.

प्रत्येक पट्टीला ० ते १२७ मधला क्रमांक असतो. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०. काळी एक ६१, पांढरी दोन ६२, असं पुढे. इथे नावांपेक्षा क्रमांकावर विश्वास ठेवा, कारण त्याच ६० क्रमांकाला कुठे सी-३, कुठे सी-४, तर एफएल स्टुडिओत सी-५ म्हणतात. पट्टी दाबली की 'नोट ऑन' जातो, सोडली की 'नोट ऑफ'. पियानो रोलमध्ये, म्हणजे स्वर चित्ररूपात दाखवणाऱ्या खिडकीत, जी आडवी पट्टी दिसते ती या दोन संदेशांची जोडी असते. पट्टी किती वेगाने खाली गेली तो आकडा म्हणजे व्हेलॉसिटी, १ ते १२७. शून्य व्हेलॉसिटीचा नोट ऑन हा नोट ऑफच धरला जातो.

याशिवाय कंट्रोल चेंज असतात, ज्यांना सगळे सीसी म्हणतात. रोजच्या कामात पाच येतात: १ मॉड्युलेशन, ७ व्हॉल्यूम, १० पॅन, ११ एक्स्प्रेशन, ६४ सस्टेन पेडल. पिच बेंड, म्हणजे स्वर सलग वर-खाली सरकवणारा संदेश, वेगळा आहे. सीसीला १२८ पायऱ्या मिळतात, पिच बेंडला १६,३८४, म्हणून मींड घेताना पायऱ्या ऐकू येत नाहीत.

वेळ टिकमध्ये मोजली जाते. रीपरमध्ये मुळात एका बीटचे ९६० टिक असतात. लय ८४ असेल तर बीट साधारण ७१४ मिलिसेकंदांची, म्हणजे एक टिक पाऊण मिलिसेकंदाचा. मी ४/४ चा एक बार म्हणजे केरव्याचं एक आवर्तन धरतो. म्हणजे एका मात्रेला ४८० टिक येतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सतत लागेल.

## आधी प्रत, मग कान

मूळ ट्रॅकची प्रत काढा, मूळ ट्रॅक म्यूट करून बाजूला ठेवा आणि त्याला हात लावू नका. दुरुस्ती करताना मूळ वादन पुन्हा ऐकावंसं वाटेल तेव्हा ते तिथे असलं पाहिजे.

प्रत काढताना एक गोष्ट तपासा. रीपरमध्ये मिडी आयटमच्या (ट्रॅकवरच्या रेकॉर्डिंगच्या तुकड्याच्या) प्रती 'पूल' झालेल्या असू शकतात, म्हणजे एकात केलेला बदल सगळ्या प्रतींत होतो. ध्रुपद पाच वेळा येत असेल आणि पाचही ठिकाणी तोच बदल हवा असेल तर हे सोयीचं आहे. मूळ जपायचं असेल तर घातक आहे. आयटमवर पूलचं चिन्ह दिसलं तर आधी त्या प्रतीला पूलमधून वेगळं करा.

मग गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका, माउसला हात न लावता. खटकलं की फक्त 'एम' दाबून मार्कर टाका. पियानो रोल उघडा ठेवून ऐकू नका. डोळ्यांना प्रत्येक पुढेमागे झालेला स्वर चूक वाटतो, कानाला त्यातले बरेच वाटत नाहीत. मावशीच्या चोवीस बारमध्ये मला कानाने अकरा मार्कर टाकावेसे वाटले. पियानो रोल बघून टाकले असते तर शंभराच्या वर गेले असते.

## सगळंच मागे असेल तर

एकेक स्वर हलवण्याआधी बघा की सगळे स्वर सारखेच पुढे किंवा मागे आहेत का. समेवर येणारे दहा-बारा स्वर घ्या आणि ते ग्रिडच्या रेषेपासून (पियानो रोलवर लयीचे भाग दाखवणाऱ्या उभ्या रेषेपासून) किती टिक दूर आहेत ते वाचा. आकडे +२८, +३१, +२४, +३० असे एकाच बाजूला येत असतील तर तो वाजवणाऱ्याचा दोष नाही. सिग्नलला संगणकातून जाता-येता वेळ लागतो. ऑडिओ बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) ५१२ सॅम्पलचा असेल आणि सॅम्पल रेट ४४,१०० असेल तर एका फेरीत ११.६ मिलिसेकंद जातात. १२८ चा बफर ठेवला तर ते २.९ वर येतं. रेकॉर्ड करताना बफर लहान ठेवा आणि मिक्सिंगला मोठा करा.

रेकॉर्डिंग झालेलंच असेल तर पूर्ण आयटम तेवढ्या टिकने सरकवा. इथे क्वांटाइझ नको. सगळे स्वर सारखे सरकल्यामुळे त्यांच्यामधली अंतरं जशीच्या तशी राहतात, आणि वादनाचा जीव त्याच अंतरांमध्ये असतो.

काही वाद्यांच्या सॅम्पलला (खऱ्या वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाला) मुळातच आवाज उमलायला वेळ लागतो, व्हायोलिनचा समूह किंवा बासरी. अशा ट्रॅकचे स्वर हलवण्यापेक्षा ट्रॅकच्या राउटिंग खिडकीतला 'मीडिया प्लेबॅक ऑफसेट' वजा करा. स्वर ग्रिडवर दिसत राहतात, फक्त थोडे आधी वाजतात.

## नको असलेले इव्हेंट

मिडी आयटमवर डबल क्लिक केलं की एडिटर उघडतो. पियानो रोल, नावांची यादी, इव्हेंट लिस्ट आणि नोटेशन असे चार प्रकार मोड बदलून दिसतात. स्वच्छतेसाठी मी इव्हेंट लिस्ट, म्हणजे प्रत्येक नोंदीची (इव्हेंटची) ओळवार यादी वापरतो, कारण पियानो रोलमध्ये केसासारखी बारीक पट्टी नजरेतून सुटते.

सातव्या बारमधला पहिला मार्कर उघडला तेव्हा लिस्टमध्ये एकाखाली एक हे तीन स्वर होते: ६५, व्हेलॉसिटी ७१, लांबी ४४० टिक. त्यानंतर ६४, व्हेलॉसिटी १९, लांबी ३४. मग ६३, व्हेलॉसिटी ६८, लांबी ४६२. काळी एकमध्ये ६५ म्हणजे शुद्ध गंधार आणि ६३ म्हणजे शुद्ध रिषभ. मावशीचं बोट पांढरी चारवरून काळी दोनवर येताना मधल्या पांढरी तीनला घासून गेलं होतं. चौतीस टिक म्हणजे पंचवीस मिलिसेकंद. खऱ्या पेटीवर इतक्या हलक्या स्पर्शाने पट्टी पुरती दबली नसती आणि काही ऐकूही आलं नसतं. पण कीबोर्डने नोंद केली, आणि पेटीचं सॅम्पल व्हेलॉसिटी मोजत नसल्यामुळे तो कोमल गंधार पूर्ण आवाजात वाजला.

असे घासलेले स्वर व्हेलॉसिटी आणि लांबी दोन्ही बघून शोधता येतात. रीपरच्या फिल्टर खिडकीत व्हेलॉसिटीची हद्द १ ते २५ टाका, म्हणजे संशयित तेवढे समोर येतात. पण 'सगळे निवडा आणि पुसा' करू नका. कणस्वरही आखूड असतात. फरक असा ओळखा: कण पुढच्या स्वराला चिकटून येतो, रागातला असतो आणि ठरवून घेतल्यासारखा वाजतो. घासलेला स्वर दोन शेजारच्या पट्ट्यांच्या मधला असतो आणि बहुतेक वेळा चालीत बसत नाही. प्रत्येक स्वर एकदा ऐका, मग पुसा.

दुसरा शोध एकावर एक पडलेल्या स्वरांचा. लूपवर पुन्हा रेकॉर्ड केलं किंवा कॉपी-पेस्ट करताना घोळ झाला की एकाच जागी एकाच क्रमांकाचे दोन स्वर बसतात. पियानो रोलमध्ये एकच पट्टी दिसते. ऐकताना आवाज पोकळ किंवा फेज झाल्यासारखा येतो, नाहीतर स्वर मध्येच तुटतो. तुटण्याचं कारण सरळ आहे. नोट ऑफमध्ये फक्त क्रमांक असतो, तो कुठल्या नोट ऑनचा आहे हे लिहिलेलं नसतं. दोनपैकी आधीचा नोट ऑफ आला की स्वर बंद होतो, दुसरी पट्टी पुढे लांब दिसत असली तरी. रीपरमध्ये एकमेकांवर आलेले स्वर आपोआप सुधारण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवा.

तिसरा शोध न दिसणाऱ्या इव्हेंटचा. अनेक कीबोर्ड पट्टी दाबून धरली की आफ्टरटच (दाबाची नोंद) पाठवतात आणि वाजवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. चुकून धक्का लागलेल्या मॉड्युलेशन व्हीलचे शेकडो इव्हेंट असतात. आवाजात कुठे विनाकारण कंप येत असेल तर बहुधा हेच कारण. फिल्टरमध्ये इव्हेंटचा प्रकार निवडा आणि हे काढून टाका. बाहेरचा जुना सिंथ वायरने जोडून वाजवणार असाल तर ही सफाई आणखी गरजेची आहे. मिडीची वायर सेकंदाला ३१,२५० बिट नेते, एका संदेशाला जवळपास एक मिलिसेकंद लागतो, आणि नको असलेल्या सीसींच्या रांगेत स्वर मागे अडकतात.

## क्वांटाइझ: कण सांभाळून

आधी आकडे मांडतो. सोळाव्या भागाचं ग्रिड म्हणजे दर २४० टिकला एक रेषा. क्वांटाइझ प्रत्येक स्वराला सगळ्यात जवळच्या रेषेकडे ओढतं. मावशी पंचमावर येताना मध्यमाचा कण घेते. म्हणजे ६६ हा स्वर मात्रेच्या ७० टिक आधी, आणि ६८ मात्रेवर. सत्तर हे १२० पेक्षा कमी, म्हणून कणाची जवळची रेषा तीच मात्रा. शंभर टक्के क्वांटाइझ केलं की कण आणि पंचम एकाच टिकवर येतात. दोन शेजारचे स्वर एकदम दाबल्यासारखा तो आवाज होतो. चोवीस बारमध्ये असे तीसेक कण होते, आणि पहिल्याच झटक्यात मी ते सगळे घालवले होते.

म्हणून कण आधी बाजूला करा. उजवं बटण दाबून चौकोन ओढला की त्यातले स्वर निवडले जातात. मी सगळे मोठे स्वर निवडतो आणि कण कंट्रोल-क्लिकने निवडीतून काढतो. वेळ लागतो, पण दुसरा भरवशाचा उपाय मला सापडलेला नाही.

आता 'क्यू' दाबा. क्वांटाइझच्या खिडकीत माझी मांडणी अशी असते. ग्रिड चालीप्रमाणे. केरव्याला सोळावा भाग चालतो, दादऱ्याला सहा मात्रांप्रमाणे वेगळा विचार करावा लागतो, आणि जिथे गायक तिगुनीत गेलाय तिथे त्रिपलेट (तीन समान भागांचं) ग्रिडच हवं. सोळाव्या ग्रिडवर त्रिपलेट ओढले तर त्यांचा आकारच मोडतो. स्ट्रेंग्थ ५० ते ६० टक्के. चाळीस टिक मागे असलेला स्वर ५० टक्क्यांवर वीस टिक मागे राहतो. स्वराचा शेवट ग्रिडवर आणू नका, फक्त सुरुवात. पेटीत एक स्वर पुरता सुटायच्या आत दुसरा लागतो, त्या हलक्या जोडावर तिचा सलग आवाज उभा असतो. शेवटही ग्रिडवर ओढले की प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो.

शिवाय ग्रिडपासून किती दूर असलेल्याच स्वरांना हात लावायचा याची टक्केवारी त्याच खिडकीत देता येते. ८४ च्या लयीत तीस टिकपर्यंतचा फरक, म्हणजे बावीस मिलिसेकंद, मी तसाच सोडतो. २४० च्या ग्रिडवर ते साडेबारा टक्के होतात. त्याहून जास्त हललेले स्वरच पकडा.

मोठा स्वर सरकला की त्याचा कण मागे राहिलेला असतो. पंचम वीस टिक पुढे आला असेल तर कणही वीस टिक पुढे न्या. ही जोडी हाताने जुळवावी लागते. एक कण, एक कान, असं करत जा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ऐकणारा 'छान वाजवलंय' म्हणतो तेव्हा त्याला हेच ऐकू आलेलं असतं.

रेंगाळलेल्या त्या दोन ओळींचं शेवटी मी काय केलं? एक दुरुस्त केली. दुसरी तशीच ठेवली, कारण तिथे शब्दच ओढून म्हणायचे आहेत आणि मावशी मनात गातच वाजवत होती. ग्रिडला शब्द ऐकू येत नाहीत. तो निर्णय आपलाच.

## पेटीला भाता असतो

कीबोर्डवर वाजवलेली पेटी खोटी वाटते त्याचं पहिलं कारण व्हेलॉसिटी. पियानोत पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा. पेटीत तसं नाही. पट्टी फक्त झडप उघडते, आवाजाचा जोर भात्यातल्या हवेवर ठरतो आणि सगळ्या स्वरांना तीच हवा मिळते. तुमचं सॅम्पल व्हेलॉसिटी मोजत असेल तर सगळे स्वर एका आकड्यावर आणून ठेवा, समजा ८०. कीबोर्डवर एक बोट जड, एक हलकं पडल्यामुळे आलेला चढउतार पेटीत असूच शकत नाही.

मग भाता सीसी ११ वर काढा. एडिटरच्या खालच्या लेनमध्ये ११ निवडा. ओळीची सुरुवात ७५ च्या आसपास, शब्दाचा भर जिथे आहे तिथे ९५ ते १००, श्वासाच्या जागी पुन्हा ७०. आवाज शून्यावर नेऊ नका, भाता कधी एवढा रिकामा होत नाही. रीपर ६ पासून दोन सीसी बिंदूंमध्ये वक्ररेषा देता येते. बिंदूवर उजवं क्लिक करून 'स्लो स्टार्ट-एंड' घ्या. त्यामुळे ओळीला चार-पाच बिंदू पुरतात. पेटीच्या काही प्लगइनमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या वाद्यांमध्ये) भाता सीसी १ वर बांधलेला असू शकतो, तेव्हा आधी व्हील हलवून बघा की आवाज कशाने बदलतोय.

सीसी ७ इथे वापरू नका. ७ मिक्सिंगसाठी, ११ वादनासाठी, हा भेद पाळला की नंतर पेटी थोडी कमी करायची झाली तरी काढलेला भाता बिघडत नाही.

## बासरीची मींड

पेटीत मींड नाही, पण त्याच अभंगाला मी मधल्या संगीतासाठी बासरी घेतली आणि तिथे पिच बेंडशिवाय चालत नाही.

पिच बेंडचा मध्य ०, खाली -८१९२, वर +८१९१. हा पल्ला किती स्वरांचा, ते वाद्य ठरवतं. बहुतेक ठिकाणी मुळात दोन सेमीटोन (लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) असतो. गंधार ते पंचम तीन सेमीटोन होतात, म्हणजे तो पुरणार नाही. प्लगइनमध्ये शोधून पल्ला १२ करा. काही वाद्यं हा पल्ला मिडी संदेशानेही स्वीकारतात. क्रम असा: सीसी १०१ ला ०, सीसी १०० ला ०, सीसी ६ ला १२, सीसी ३८ ला ०, आणि शेवटी १०१ व १०० दोन्ही १२७ करून दार बंद. हे न मानणारी प्लगइन खूप आहेत, म्हणून ऐकून खात्री करा: बेंड पूर्ण वर नेला की बरोबर वरच्या सप्तकातला तोच स्वर आला पाहिजे.

पल्ला १२ असताना एका सेमीटोनला ६८३ येतात, तीन सेमीटोनला २०४८. आता गंधारावरून पंचमावर जाणारी मींड. बरेच जण गंधाराचा स्वर लावून तो २०४८ पर्यंत वर ओढतात. मी उलटं करतो. पंचम लावतो, म्हणजे ६८, आणि बेंड -२०४८ वरून ० वर आणतो. मींड जिथे विसावते तो स्वर शून्यावर येतो, तो अचूक लागतो आणि पुढच्या स्वरासाठी बेंड परत आणायची गरज राहत नाही. गंधार लावून वर ओढलं तर पुढच्या स्वराआधी बेंड शून्यावर आणावा लागतो, आणि तेवढ्यात विरत चाललेला पंचमाचा आवाज खाली घसरलेला ऐकू येतो. -२०४८ चा बिंदू मात्र स्वर सुरू होण्याच्या फक्त एक-दोन टिक आधी ठेवा, नाहीतर मागच्या स्वराची शेपटी दचकते.

मींड किती वेळ? या लयीत एक मात्रा, ४८० टिक, मला ठीक वाटते. पण सरळ रेषा काढू नका. सुरुवातीला गंधारावर थोडं थांबणं, मग सरकणं, मग पंचमाजवळ मंद होणं, असा आकार हवा. 'स्लो स्टार्ट-एंड' वक्र साधारण तेच देतो. मधला मध्यम निसटता ऐकू आला तर मींड जमली. तीन-चार सेमीटोनच्या पुढे एकाच सॅम्पलला ओढू नका, फुंकरीचा पोत बदलतो आणि बासरी प्लास्टिकची वाटायला लागते. लांब मींड दोन तुकड्यांत घ्या.

याच जागी श्रुतीही लावता येते. तानपुऱ्यावर ऐकू येणारा शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर (एका सेमीटोनचे शंभर सेंट) असतो, कीबोर्डचा ४०० वर. चौदा सेंट खाली आणायचे तर पल्ला १२ असताना बेंड -९६ ठेवा. जिथे बासरीमागे फक्त तानपुरा आहे तिथे हा गंधार लावल्यावर सगळी ओळ शांत होते, ऐकून बघाच. पेटी त्याच वेळी गंधारावर असेल तर मात्र लावू नका, दोघांचे गंधार एकमेकांवर घासतील.

## तबला

तबल्यात व्हेलॉसिटीच सगळं आहे. धा गे ना ति, न क धि न. समेचा धा १०५ असेल तर ना ८०, क ५५, असं वजन असलं पाहिजे, आणि प्रत्येक आवर्तनात तेच आकडे पुन्हा यायला नकोत. 'एच' दाबून ह्युमनाइझची खिडकी उघडते. तिथे व्हेलॉसिटीला थोडा फरक द्या, वेळेला त्याहूनही कमी. सगळं यंत्रावर सोडू नका. समेकडे जाताना वाढणारा जोर हातानेच काढावा लागतो.

डग्ग्याची घुमक पिच बेंडने येते, पण पिच बेंड पूर्ण चॅनेलला लागतो. डग्गा आणि दायां एकाच चॅनेलवर असतील तर गे बरोबर ना सुद्धा वाकेल. डग्ग्याचे बोल निवडून वेगळ्या चॅनेलवर किंवा वेगळ्या ट्रॅकवर टाका. मिडीला सोळा चॅनेल आहेत, काटकसर करायचं कारण नाही.

## पट्टी बदलली तर

आमच्या गायिकेला शेवटी पांढरी दोन हवी झाली. पेटी आणि बासरीचे सगळे स्वर निवडून एक सेमीटोन वर नेले की झालं. पिच बेंडचे आकडे बदलायचे नसतात, ते अंतर आहे, स्वर नव्हे. तबल्याच्या ट्रॅकला मात्र हात लावू नका. तिथे प्रत्येक पट्टीवर वेगळा बोल असतो, एक पट्टी वर नेली तर धा च्या जागी दुसराच बोल वाजेल. तबला चढवायचा तो प्लगइनच्या ट्यूनिंगमधून. प्रोजेक्टमधले सगळे ट्रॅक एकदम निवडून पट्टी बदलताना ही चूक हमखास होते.

## सुटत नसलेला स्वर

अंतऱ्यातला अडकलेला स्वर पेडलचा होता. मावशीचा पाय नव्हे, माझाच धक्का लागला होता. सीसी ६४ चा १२७ नोंदला गेला आणि परत येणारा ० रेकॉर्डिंग थांबवल्यामुळे आयटमच्या बाहेर राहिला. ० ते ६३ म्हणजे पेडल वर, ६४ ते १२७ म्हणजे खाली. खालचा इव्हेंट आहे आणि वरचा नाही, अशी जागा ६४ ची लेन उघडली की लगेच दिसते. पेटीला पेडल लागतच नाही, म्हणून मी ती लेन पूर्ण रिकामी केली.

प्रत्येक आयटमच्या सुरुवातीला मी चार इव्हेंट ठेवतो: पिच बेंड ०, सीसी १ ला ०, सीसी ६४ ला ०, सीसी ११ ला पहिल्या ओळीचा आकडा. पहिला स्वर येण्याआधी निदान एक रिकामा बार असू द्या, म्हणजे हे इव्हेंट आधी पोहोचतात. गाणं मधूनच सुरू केलं की आवाज वेगळा येतो अशी तक्रार असेल तर रीपरमधलं चेसिंग तपासा. ते चालू असलं की रीपर मागचे सीसी आणि बेंड शोधून लागू करतो. वाजवताना एखादा स्वर अडकलाच तर 'ऑल नोट्स ऑफ' पाठवण्याची ॲक्शन आहे, तिला एक शॉर्टकट देऊन ठेवा.

फाइल दुसऱ्याला द्यायची असेल तर फाइल मेनूतून प्रोजेक्टची मिडी एक्स्पोर्ट करा, टाइप १ मध्ये, म्हणजे ट्रॅक वेगळे राहतात. लयीची माहिती सोबत जाऊ द्या. आवाज जाणार नाही हे समोरच्याला सांगा, आणि बासरीचा बेंड पल्ला १२ आहे हेही लिहून द्या. नाहीतर त्याच्याकडे पल्ला दोनचा असेल आणि तीन सेमीटोनची मींड अर्ध्या सेमीटोनची होईल. पाठवण्याआधी तीच फाइल स्वतः एका कोऱ्या प्रोजेक्टमध्ये उघडा, साधा पियानो लावा आणि पहिल्या बारपासून शेवटच्या स्वराच्या नोट ऑफपर्यंत एकदा ऐका.